मनमाड ते फैजपूर : दोनशे मैल?

स्वातंत्र्यलढ्यावरचं एक जाडजूड पुस्तक वाचताना गेल्या आठवड्यात एका ओळीवर अडकलो. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेडेगावातलं पहिलंच. नेहरू अध्यक्ष होते. त्याच वेळी तिथे किसान सभाही भरली आणि तिच्यासाठी पाचशेहून अधिक शेतकरी मनमाडहून दोनशे मैलांपेक्षा जास्त चालत आले, असं ती ओळ सांगते.

मी भुसावळचा. 31 वर्षं मालगाडीवर गार्ड होतो. मनमाड-भुसावळ 184 किलोमीटर, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पुढे फैजपूर पंचवीसेक. दोनशे मैल म्हणजे तीनशेवीस किलोमीटर होतात. मग वरचे शंभर-सव्वाशे आले कुठून?

बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि नकाशा पसरून बसलो. आधी रुळाच्या कडेने : नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव. मग लांबच्या वाटेने : मालेगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, यावल. दोरा कुठल्याच वाटेने तीनशेवीसपर्यंत जाईना. माझ्याकडच्या आणखी एका पुस्तकात हाच आकडा जसाच्या तसा उतरवलाय. नकाशा कुणी उघडलेला दिसत नाही.

शेजारचे अण्णा म्हणाले, "असल्या शंका काढून त्या माणसांचा मान कमी करतोस तू." मला ते फार लागलं. उलट, ते एकेक मैल चाललेच असावेत असं मला मनापासून वाटतं. वाटेतल्या लोकांशी बोलत जायचं म्हणून निघालेली माणसं सरळ रस्त्याने कशाला जातील? आडवाटेने गावोगाव फिरली असतील, तर आकडा जुळतोही. पण मग ती गावं कोणती? रात्री मुक्काम कुठे पडला, भाकरी कुणी थापल्या? पुस्तकात स्वागताला आलेल्या पुढाऱ्यांची नावं ओळीने आहेत. वाटेतलं एकही गाव नाही.

2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत गेले, तेव्हाही मी रोज दोन पेपर शेजारी ठेवून वाचायचो. एकात तीस हजार, दुसऱ्यात पन्नास. पायांना आलेल्या फोडांचे फोटो मात्र दोन्हींत होते, आणि मला खरी बातमी तीच वाटली. फैजपूरच्या ठरावात शेतसारा कमी करा, कर्जाचं ओझं उतरवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, असं होतं. त्यातल्या कर्जाच्या मागणीसाठी 82 वर्षांनीही माणसं चालतच होती.

मनमाड ते फैजपूर या पट्ट्यात तुमचं गाव असेल, आणि घरात आजी-आजोबांकडून 'ते चालत आलेले लोक' असं काही कानावर आलं असेल, तर गावाचं नाव तेवढं कळवा. दोरा अजून नकाशावरच टाचून ठेवलाय.