बोनेटखालचं लोखंड अन् अल्युमिनियम

पांदण रस्त्यानं गाडी वावरात नेली की काळी माती पार इंजिनपर्यंत जाते अन् ऑइलच्या चिकट्यात बसून जाते, म्हणून पावसाळा सरला की मी बोनेट उघडतोच.

पहिले एक सांगतो, धुणाऱ्याला कॉस्टिक सोड्याचं पाणी मारू देऊ नका बाप्पा! लोखंडाला ते चालते, पण अल्युमिनियमला खाते, व्हॉल्व्ह कव्हर म्हणजे इंजिनचं वरचं झाकण काळंठिक्कर पडते. त्याला थंड इंजिनवर साबणाचं पाणी अन् नायलॉनचा ब्रश बस झाला. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करते तो) अन् फ्यूज बॉक्सवर आधी पन्नी बांधा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचते ना, तिथं आधी मायनस काढा मग प्लस, अन् कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टाका, ॲसिड मरते तसं फसफसून वर येते, मग कोरडं पुसून टर्मिनल कसायचे अन् वरून व्हॅसलीन.

गंजलेल्या ब्रॅकेटला तारेचा ब्रश, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, अन् खड्ड्यातला गंज राहिलाच तर फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, त्यानं तो काळा पडून घट्ट होते. वाळल्यावर प्रायमर, रंग. एक्झॉस्टजवळ मात्र साधा रंग जळते, तिथं हीटप्रूफच घ्या.