लोणच्याचे पैसे संशोधनालाच का?

दर मे महिन्यात बरणी न्यायला आलेलं कुणीतरी दारात चपला घालता घालता हा प्रश्न विचारतंच. यंदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला. "अगं, चाळीस किलो कैऱ्यांचं लोणचं घालतेस, त्याचे पैसे एखाद्या गरीब पेशंटला दे की. पुण्य तरी लागेल. कॅन्सरच्या संशोधनाला देऊन कुणाला दिसतंय?" तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहिते.

काकूंचं काही चुकत नाही. परळच्या फुटपाथवर रिपोर्टांच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं मीही पाहिली आहेत. पहिल्या वर्षीचे पैसे मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतच दिले होते. तिथे दिलेल्या पैशाचं काय होतं ते डोळ्यांना दिसतं. गावाहून उपचारांसाठी आलेल्या माणसाला खाट मिळते, ताट मिळतं. संशोधनाला दिले की हातात फक्त पावती येते.

तरी दुसऱ्या वर्षापासून मी चेकसोबतच्या पत्रात 'मेंदूच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी' असं लिहायला लागले. त्याला कारण एक साल आहे, २००५. तिथे जरा वळसा घालून यावं लागेल.

आमच्या घरात लोणचं हे घालायचे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, मे महिन्यात घरीच असायचे, पण त्या दोन दिवसांत मला स्वयंपाकघरात फक्त बरण्या उन्हात ठेवण्यापुरता प्रवेश. राजापुरी कैरी, करकरीत हवी, मोठ्या अडकित्त्याने बाठीसकट फोडायची. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही.

२०१८च्या सुरुवातीला ह्यांचे शब्द हरवायला लागले. विळीला 'ते कापायचं', लोणच्याला 'ते मे महिन्याचं'. आम्ही हसायचो, साठी आली म्हणून चिडवायचो. हसल्याचं अजून वाईट वाटतं. फेब्रुवारीत एका रात्री फिट आली आणि एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वरच्या भागात लिंबाएवढी गाठ दिसली. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर.

ऑपरेशन चांगलं झालं. मग मी विचारलंच, सगळी गाठ काढलीत ना? डॉक्टर म्हणाले, दिसत होती तेवढी काढली. ह्या गाठीला धड कड नसते. मला तेव्हा नीट कळलं नाही, नंतर स्वयंपाकघरात कळलं. बरणीतल्या फोडी वेचून काढता येतील, मुरलेला खार कसा वेचणार? १९२८ साली वॉल्टर डँडी नावाच्या अमेरिकन सर्जनने अशा गाठींसाठी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकला होता. तरी आजार परत आला. औषधांचीही गोची असते. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून शरीराने पहारा बसवलेला आहे, तो एरवी आपलं रक्षण करतो आणि इथे बरीचशी औषधंही अडवतो.

पुढे सहा आठवडे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस वेळा. सोबत टेमोझोलोमाइड ह्या कॅन्सरच्या औषधाच्या कॅप्सूल. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड, त्याने चेहरा गोल गरगरीत झाला आणि भेटायला येणारे म्हणायचे, "वा, तब्येत सुधारली की!"

एका रात्री झोप येईना म्हणून मी ह्या उपचारांचं मूळ शोधत बसले. शिक्षकाची खोड. ही पद्धत रॉजर स्टुप नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवर चाचणी घेऊन २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली होती. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या आत गेले होते. कॅप्सूलही घेतल्या त्यांच्यात हाच आकडा १४.६ होता. दोन वर्षांनी हयात असलेले शंभरात दहाच्या जागी सव्वीस झाले होते. आणि तेरा वर्षांनी माझ्या नवऱ्याच्या कागदावर तेच उपचार, त्याच क्रमाने. आमच्या घरातला फोन तेवढ्यात चारदा बदलला होता. आजही ह्या आजाराच्या उपचारांचा कणा बहुतांशी तोच आहे.

काकू, मी पैसे देते ते पुण्यासाठी नाही. मला त्या १४.६ चा राग आहे.

पण त्याच आकड्याची मी ऋणीही आहे. १४.६ वजा १२.१, म्हणजे अडीच महिने. हे पंधरा महिने जगले, जून २०१९ मध्ये गेले. कुणाच्या आयुष्यातले कोणते दिवस औषधाने दिले हे असं मोजता येत नाही, हे मी वर्गात मुलांनाही सांगितलं असतं. तरी माझ्यापुरता हिशोब मी केलाच. शेवटच्या अडीच महिन्यांत एक मे महिना होता.

त्या मेमध्ये ह्यांना बोलता येत नव्हतं, उजवा हात उचलत नव्हता. मुलाने कैऱ्या फोडल्या. हे खुर्चीवर बसून डाव्या हाताने वाटी मागायचे आणि मीठ घालायचे. बरोबर मापाने, हात जराही न चुकता. मग दहा मिनिटांनी पुन्हा वाटी मागितली आणि पुन्हा तेवढंच मीठ घातलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

ते अडीच महिने कुणीतरी मला दिले. माझी ओळखदेख नसलेल्या साडेपाचशेहून जास्त आजारी माणसांनी त्या चाचणीत भाग घेतला, कुणीतरी तिला पैसे पुरवले.

आणि हे वेड माझंच नाही. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट केला, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि त्याच वर्षी तेही गेले. तेव्हा त्या आजारावर धड औषध नव्हतं. 'आता काय उपयोग' असं त्यांनाही कुणी म्हटलंच असेल. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी दाखवलं की ल्युकेमिया झालेली मुलं एका औषधाने थोडे दिवस का होईना सुधारतात. ते औषध बनवण्यामागे आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. टाटांच्याच पैशातून ते निघालं असं मी म्हणत नाही. पण आज नीट उपचार मिळाले तर लहान मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया बहुतेकदा बरा होतो. मेंदूच्या ह्या गाठीचं अजून १९३२च चालू आहे, असं मला वाटतं.

अर्थात, मेहरबाईंकडे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा ज्युबिली हिरा होता, तो पुढे विकला गेला आणि पैसे टाटांच्या धर्मादाय ट्रस्टला मिळाले. माझ्याकडे अडकित्ता आहे. गेल्या वर्षी खर्च वजा जाता सव्वीस हजार उरले. एवढ्यात प्रयोगशाळेत नक्की काय येतं हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

२०१९ची ती खारट बरणी अजून फडताळात आहे. दर मेमध्ये नवीन लोणचं घालायच्या आधी मुलगा आणि मी त्यातली एक फोड अर्धी अर्धी खातो आणि वर तांब्याभर पाणी पितो. तळाशी अजून सात-आठ असतील.

यंदाचं मुरायला पंधरा दिवस तरी लागतील, घाई करू नका. आणि काकू, गेल्या वर्षीची बरणी अजून तुमच्याकडेच आहे.