‘दाबलं!’ : वारणेवर वीज गेली तेव्हा

आरटीआरच्या, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरायच्या परवान्याच्या, तोंडी परीक्षेत मला रेडिओ फेल्युअरच विचारलं होतं. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला आपला आकडा कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा आकडा लावायचं, हवा स्वच्छ असेल तर नजरेनं बघत जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं, टॉवरच्या दिव्यावर लक्ष ठेवायचं. धडाधडा म्हणून दाखवलं आणि पास झालो. त्या उत्तरात मामा नव्हते.

पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, हातात पडून वर्ष झालं होतं. क्लबचं सेस्ना १७२ घेऊन मी मामांना कोल्हापूरला आणत होतो. मामांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. उभा जन्म ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. रंकाळा एकदा वरून बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. डिसेंबरची सकाळ होती, गळीत हंगाम ऐन भरात, त्यामुळं खाली पाचटाच्या धुराची दुलई पसरलेली. मी साडेचार हजार फुटांवर होतो. कोल्हापूरचं विमानतळच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे जमिनीपासून अंतर अडीच हजार फूट. महामार्गाची पट्टी दिसत होती, वाट चुकायचं काही कारण नव्हतं.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम मामांना दाखवला, आणि त्या दाखवण्याच्या नादात पॅनेलकडं बघायचं राहिलं. लो व्होल्टेजचा लाल दिवा लागला होता. सकाळचं ऊन डावीकडून सरळ पॅनेलवर पडत होतं, त्यात तो दिवा विझल्यासारखाच वाटायचा. अ‍ॅमीटरचा काटा शून्याच्या डावीकडं झुकलेला. किती वेळ झुकलेला होता, ते आजही सांगता येणार नाही. मला आधी कळलं ते कानातून. टॉवरशी बोलायला बटण दाबलं, तर रेडिओवरचे आकडे विझले. बटण सोडलं, परत आले. पुन्हा दाबलं, पुन्हा विझले. ऐकायला रेडिओला फारशी वीज लागत नाही, बोलायला भरपूर लागते. आमची बॅटरी ऐकण्यापुरती उरली होती.

चेकलिस्ट काढली. एव्हिऑनिक्स, म्हणजे रेडिओसारखी यंत्रं, बंद. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर आत आहे का बघितलं, होता. मास्टर स्विचचे दोन्ही भाग, बॅटरी आणि अल्टरनेटर, बंद करून पुन्हा चालू केले. दिवा क्षणभर गेला आणि परत आला. आता अल्टरनेटरची बाजू बंद करायची आणि असलेली वीज जपून वापरत खाली जायचं.

“काय रं, डायनामो गेला काय?” मामांनी विचारलं. मी मान डोलावली. पुढचा प्रश्न मला अपेक्षित होताच, “मग इंजन बंद पडंल?”

“मामा, लूनाला बॅटरी होती का?”

एवढ्यावर ते शांत झाले. विमानाच्या इंजिनातले दोन मॅग्नेटो स्वतःच ठिणगी पाडतात, बॅटरी मेली काय नि जगली काय, त्यांना पत्ता नसतो. वेग आणि उंची दाखवणारी घड्याळं हवेच्या दाबावर चालतात. आमच्या विमानातलं क्षितिज दाखवणारं यंत्र व्हॅक्यूमवर. जातं काय, तर रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, दिवे, इंधनाचे काटे आणि या विमानाचे फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या. इंधन मी निघताना टाकीत पट्टी घालून मोजलं होतं, त्याची काळजी नव्हती.

मग न बोलता उतरता आलंच असतं की. आलं असतं. पण कोल्हापूरला आता प्रवासी विमानं येतात-जातात. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात हे विमानतळ झालं, तेव्हा आकाशात कोण येतंय ते मान वर करून बघता येत असेल. आज एखादं विमान धावपट्टीवर उभं असताना मी मुका घुसायचो, ते मला नको होतं.

क्लबचा हातातला रेडिओ मागच्या सीटवरच्या बॅगेत होता. उड्डाणाआधी तो बॅगेत टाकल्याशिवाय आमचे इन्स्ट्रक्टर सर विमानाची चावी देत नाहीत. मी तो दर वेळी नेला होता आणि एकदाही वापरून बघितला नव्हता.

मामांनी मागं वळून बॅग ओढली. आधी मामींनी दिलेला डबा निघाला, मग पाण्याची बाटली, मग माझं जर्किन आणि तळाशी रेडिओ. मी ७६०० लावलं, एक मिनिट तसंच राहू दिलं आणि बॅटरीही बंद केली. तो आकडा खाली कुठल्या पडद्यावर उमटला की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. बॅटरी बंद करताना हात जरा थबकला, हे कबूल करतो. हातात दुसरा रेडिओ होता म्हणून ती बंद करायचं धाडस झालं, नाहीतर ‘अजून थोडं बोलून बघू’ करत मी ती पार पिळून काढली असती. आता तिच्यातलं जे काही उरलं होतं, ते फ्लॅपसाठी किंवा एखाद्या अखेरच्या हाकेसाठी शिल्लक राहिलं.

बॅटरी गेल्यावर इंटरकॉमही जातो, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. कानात इंजिनाचा गोंगाट आणि शेजारी मामांचे नुसतेच ओठ हलतायत. हेडफोनचा एक कान वर करून ओरडायचं, एवढाच मार्ग.

रेडिओ चालू केला. बॅटरीच्या तीन रेघांपैकी दोन होत्या. टॉवरची फ्रिक्वेन्सी दाबायला गेलो तर पडद्यावर कुलपाचं चित्र! कीपॅड लॉक. कुठलं बटण किती वेळ दाबून धरायचं, ते शोधण्यात माझी शंभर फूट उंची घसरली. सर नेहमी सांगतात की आधी विमान उडव, मग दिशा सांभाळ, मग बोल. रेडिओ मामांच्या मांडीवर टाकला, नाक सरळ केलं, उंची परत घेतली. तोवर मामांनी एकेक बटण चेपत कुलूप काढलंसुद्धा. मिस्त्री माणूस.

पहिली हाक मी रेडिओ तोंडाशी धरून मारली. उत्तर आलं असेल तरी इंजिनाच्या आवाजात तो बारकासा स्पीकर ऐकू येणं शक्यच नव्हतं. हेडसेट जोडायला अ‍ॅडॉप्टर लागतो, आखूड वायरीचा, एका टोकाला दोन भोकं, एक ऐकण्याच्या जाड पिनेसाठी, दुसरं माइकच्या बारीक पिनेसाठी. तो बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात वेगळ्या पिशवीत, रबर बँड लावून ठेवलेला. कुणीतरी फार नीटनेटकं काम केलं होतं. मामांनी रबर दातानं तोडलं.

आता रेडिओ मामांच्या हातात, वायर माझ्या हेडसेटला, आणि बोलायचं बटण रेडिओवर. अ‍ॅडॉप्टरला वेगळं बटण जोडायची सोय असते, ते बटण क्लबच्या कपाटात होतं. शेवटी मामांना सांगितलं, मी मान हलवली की दाबा, पुन्हा हलवली की सोडा.

वारणा ओलांडताना पुन्हा हाक मारली. काहीच नाही. विमानाची केबिन म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात वीतभर रबरी अँटेना. शिवाय मामांनी रेडिओ आडवा धरला होता, लेथवरचा जॉब धरावा तसा. मी खुणेनं सांगितलं, उभा धरा, काचेजवळ. मग विमान डावीकडं वळवून पूर्वेला धरलं, म्हणजे मामांच्या बाजूची खिडकी सरळ उजळाईवाडीच्या विमानतळाकडं झाली. या लहरी सरळ रेषेत जातात. मधे पत्रा येण्यापेक्षा काच आलेली बरी.

मान हलवली. नाव, जागा, उंची, विजेचा बिघाड, हातातल्या रेडिओवरून बोलतोय, उतरायचं आहे. मान हलवली.

आणि कानात खरखरीतून एक शांत आवाज आला, “रीड यू टू.” पाचपैकी दोन, म्हणजे अधूनमधून कळतंय. परीक्षेत दोनला काय म्हणतात ते मी पाठ केलं होतं, पण दोन ऐकून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी धावपट्टी ०७ दिली, डाव्या डाउनविंडला, म्हणजे धावपट्टी डाव्या हाताला ठेवून तिला समांतर उलट दिशेनं, यायला सांगितलं आणि टॉवरकडं लक्ष ठेवा म्हणाले, दिवा दाखवू. एक प्रवासी विमान सुटायच्या बेतात होतं, त्याला त्यांनी थांबवून धरलं.

शिरोलीची धुराडी, मग पंचगंगा. मामांनी रंकाळ्याकडं बघितलंही नाही, अंगठा बटणावर आणि डोळे माझ्या मानेवर. डाउनविंडला टॉवर माझ्या बाजूला आला, रेडिओ मामांच्या बाजूला, आणि माझ्या पुढच्या दोन हाका वाया गेल्या. तेवढ्यात टॉवरच्या काचेमागून हिरवा दिवा दिसला, न लुकलुकणारा. विमान हवेत असताना स्थिर हिरव्याचा अर्थ एकच, उतरायला परवानगी. मी पंख हलवून पोच दिली. बेस आणि फायनल या उतरण्याआधीच्या शेवटच्या दोन टप्प्यांवर ही पोच अपेक्षित नसते, म्हणून तिथंच देऊन टाकली.

फ्लॅपसाठी बॅटरी चालू करावी का, असा विचार आला आणि सोडून दिला. अर्धे उतरून तिथंच अडकले तर? धावपट्टी सेस्नाला लागते त्याच्या कितीतरी पट लांब आहे. फ्लॅप न टाकता, थोडा जास्त वेग ठेवून, लांबून सपाट आलो. विमान तरंगत राहिलं, राहिलं, आणि स्टॉलचा, म्हणजे वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा, भोंगा वाजला. तो विजेवर नाही, वाऱ्यावर वाजतो, जत्रेतल्या पिपाणीसारखा. पाठोपाठ चाकं टेकली.

बिघाड किरकोळ निघाला. अल्टरनेटरच्या फील्ड वायरचं टोक लगेपाशी, म्हणजे जोडणीच्या धातूच्या तुकड्यापाशी, तुटलं होतं. इंजिनिअर आले, त्यांनी बदललं, सह्या झाल्या, मला अहवाल लिहावा लागला. मामांनी ती तुटकी लग मागून घेतली, अजून वर्कशॉपच्या खिडकीत आहे.

त्यानंतर स्वतःचा रेडिओ घ्यायचं मनात आलं. परदेशी साइटवर बघून ठेवलाही होता. पण आपल्याकडं विनापरवाना चालतात ते कमी ताकदीचे वॉकीटॉकी, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले. विमानाचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, तेही एएमवर. तिथं बोलणारा संच दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय बाळगायचा नाही. आरटीआर हा माणसाचा परवाना झाला, यंत्राचा नव्हे. हा फरक पायलट मंडळीतही बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. तेव्हा क्लबच्या परवान्यावरचाच संच नेतो. फक्त आता अ‍ॅडॉप्टर त्याला कायमचा जोडलेला असतो, बोलायचं बटण पट्टीनं विमानाच्या सुकाणूवर बांधलेलं, टॉवरची फ्रिक्वेन्सी आणि १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आधीच साठवलेली, कीपॅड उघडा. बॅग मागच्या सीटवर नाही, माझ्या सीटजवळ. आणि महिन्यातून एकदा जमिनीवर उभं राहून टॉवरला विचारतो, कसा ऐकू येतोय.

त्या दिवशी विमान पार्क करून झाल्यावर टॉवरमधल्या साहेबांचे आभार मानायला फोन केला. ते म्हणाले, तुमचं निम्मं बोलणं कळलं, प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मात्र तुटत होता. मी सांगितलं, बटण मामांच्या हातात होतं.

“ते ठीक,” साहेब म्हणाले, “पण प्रत्येक वेळी सुरुवातीला ‘दाबलं!’ असं कोण ओरडत होतं?”