जर्सीवरचं गाव

ड्रम दोनशे लिटरचा होता. मैदानावरच्या बोअरचा पाइप त्यात सोडला आणि घड्याळ धरून बसलो. पाणी काठाला लागायला ऐंशी सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला अडीच लिटर, तासाला नऊ हजार. पुन्हा दोनदा मोजलं, तेवढंच आलं. सकाळचे साडेसात वाजले होते, आणि जून महिन्यातलं ग्वाल्हेर त्या वेळीसुद्धा तव्यासारखं तापलेलं असतं.

मी पाणीपुरवठ्यातला माणूस. नोकरी सगळी याच भागात झाली, निवृत्तीनंतर तपासणीची छोटी कामं घेतो. त्या आठवड्यात एक फोन आला. एका व्यावसायिक हॉकी संघाचे मालक संघ इथे हलवायच्या विचारात आहेत, तिघं जण मैदान बघायला येतील, पाण्याचा अहवाल तुम्ही द्या. संघाचं नाव मी इथे लिहीत नाही. दोन हंगाम तोट्यात गेले होते, तळाशी राहिले होते, प्रायोजक मागे फिरला होता.

फोन ठेवला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्वाल्हेरच्या माणसाला यात काय वाटतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. कॅप्टन रूपसिंह आमचे. जन्म जबलपूरचा, भाऊ ध्यानचंद झाशीचे म्हणून ओळखले जातात, पण रूपसिंह शिंदे सरकारच्या फौजेत आले आणि ग्वाल्हेरचे होऊन गेले. १९३२च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंहांचे. डिसेंबर १९७७ मध्ये ते इथेच वारले, तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. पुढे त्याचं क्रिकेटचं मैदान झालं आणि २०१० मध्ये सचिननं पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक तिथे ठोकलं. साऱ्या देशाला ते मैदान त्या दोनशे धावांमुळे माहीत आहे. आता क्रिकेटही तिथून उठून शंकरपूरच्या नव्या स्टेडियमात गेलं. हॉकी मात्र तिथे परत आली नाही.

म्हणून संघ येतोय म्हटल्यावर मी आकडे मोजायच्या आधीच मनातल्या मनात 'या' म्हणून बसलो होतो. तपासणी करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण तसं झालं होतं.

आठ वाजता ते आले. एक व्यवस्थापक, दिल्लीकडचे, बोलायला चांगले. हिशेब बघणारी एक तरुण मुलगी. माझा फोन मराठीत चाललेला ऐकून ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही मराठी? मी पुण्याची." आणि तिसरा एक खेळाडू, बचावफळीतला, झारखंडचा. गुडघ्याला पट्टा बांधलेला. दुखापतीमुळे सुट्टीवर होता आणि मैदानाबद्दल खेळाडूचं मत हवं म्हणून त्याला आणलं होतं.

हॉकीच्या टर्फला, म्हणजे कृत्रिम मैदानाला, पाणी का लागतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. गवतावरची हॉकी गेली ती १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून. तिथे पहिल्यांदा कृत्रिम मैदान आलं आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. आताचं चांगलं टर्फ भिजवल्याशिवाय खेळायच्या लायकीचं नसतं. कोरड्यावर चेंडू उड्या मारतो आणि खेळाडू घसरला तर कातडी सोलून निघते. मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. भोवतालची मोकळी पट्टी धरली की साधारण चौसष्टशे चौरस मीटर होतात. त्यावर तीन मिलिमीटर पाणी म्हणजे एका भिजवण्याला एकोणीस हजार लिटर. सामन्याआधी एकदा, मध्यंतरात एकदा. दिवसाला दोन सामने आणि सकाळचा एक सराव धरला तर पंच्याण्णव हजार.

आमच्या खात्यात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हा मापदंड. मी भागाकार करून व्यवस्थापकांना दाखवला. सातशे माणसांचं पाणी.

"टँकर मागवू," ते म्हणाले.

मी त्यांना तिघऱ्याबद्दल सांगितलं. हे शहर सांक नदीवरच्या तिघरा धरणाचं पाणी पितं. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे आधी खडकवासल्याला बसवले आणि मग या तिघऱ्याला, इतकं हे धरण जुनं. पाऊस कमी झाला की इथे एक दिवसाआड नळ येतो. ज्या गल्लीतल्या बायका पहाटे हंडे घेऊन उभ्या आहेत, तिच्या तोंडावरून पाण्याचे टँकर मैदानाकडे गेले, तर त्या गल्लीतलं एक पोरही तुमचा सामना बघायला येणार नाही. हे मी जरा चढ्या आवाजातच बोललो. तीन उन्हाळे टंचाईच्या कामावर होतो. रात्री दोन वाजता टँकरपुढे झालेली भांडणं सोडवली आहेत. त्या आवाजाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

तसं बघितलं तर मार्ग आहे, आणि तोही मी सांगितला. लीगचे सामने थंडीत असतात. तेव्हा वाफ कमी होते. टर्फच्या कडेच्या नाल्यांतून वाहून जाणारं पाणी सध्या सरळ गटारात जातं. ते भूमिगत टाकीत घेऊन, गाळून पुन्हा वापरता येतं. निम्मं परत मिळालं तरी बोअरवर भागतं. शिवाय ग्वाल्हेरला वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या मैदानावरच पन्नास लाख लिटर पडतं. ते सगळं साठवायला टाकी कुठून आणणार, पण बोअरच्या शेजारी जिरवता येतं. फक्त हे सारं सामन्यांच्या पाच आठवड्यांसाठी कोणी करत नाही. वर्षभर राहणाराच करतो.

सहा रेनगनपैकी दोन अडकलेल्या होत्या. त्या सोडवून चालू करून दाखवल्या. पाण्याचा फवारा टर्फवर पडला तशी त्यातून खरंच वाफ निघाली.

दुपारी मैदानाच्या कार्यालयात पंख्याखाली बसलो. ती मुलगी लॅपटॉप उघडून मला समजावू लागली. तिचं म्हणणं सरळ होतं, तोट्यातला संघ हलवणं यात काही पाप नाही. तिकडे अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीत हे सर्रास चालतं. क्यूबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या लीगचा स्टॅन्ली चषक जिंकला. विनिपेगचा संघ १९९६ मध्ये फीनिक्सला गेला. २००९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, तरी तो ओढत ओढत चालला. शेवटचे दोन हंगाम विद्यापीठाच्या पाच हजारसुद्धा माणसं न मावणाऱ्या रिंकमध्ये काढले. नवं स्टेडियम बांधायचं की नाही यावर २०२३ मध्ये फीनिक्सजवळच्या टेंपी गावात मतदान झालं आणि लोकांनी नको म्हटलं. २०२४ मध्ये खेळाडूंसकट सगळा सरंजाम सॉल्ट लेक सिटीला गेला. "आणि काका, विनिपेगला २०११ मध्ये अटलांटाचा संघ मिळाला. त्यांनी त्याला आपलं जुनंच नाव दिलं."

ही शेवटची गोष्ट मला फार लागली. पंधरा वर्षं त्या गावानं नाव जपून ठेवलं होतं.

मी विचारलं, तिथे एक संघ आपल्या गावात वर्षाला किती सामने खेळतो? "एक्केचाळीस."

"आणि तुमचा संघ आतापर्यंत स्वतःच्या गावात किती खेळला?"

ती गप्प झाली. आपल्याकडची हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली होती, ती २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ, पहिल्यांदाच महिलांचेही चार. आणि त्या हंगामात मैदानं दोनच होती, राउरकेला आणि रांची. खर्च वाचवायला तसं करावं लागलं असेल, ते मी समजू शकतो. त्याआधीही किती लीगा आल्या. २००५ ते २००८ एक चालली. २०१२ला दुसरी आली, तीत आपल्या भोपाळचा संघ होता, ऐशबागेत सामने झाले, आणि एका हंगामात सगळं आटोपलं.

खेळाडू तोवर नुसता ऐकत होता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. त्यानं खाली बघतच सांगितलं, "सर, जर्सी पर जो शहर लिखा है ना, वो मैंने सिर्फ ट्रेन से देखा है. रात को." आणि थोडं थांबून, "एक बार उतरने का मन था."

कोणी काही बोललं नाही. व्यवस्थापक फोन घेऊन बाहेर गेले.

मला आठवतं, त्या क्षणी माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला. सकाळपासून मी मोजत होतो की संघ इकडे हलवता येईल का. पण हलवायला तो आधी कुठेतरी राहिलेला असावा लागतो. क्यूबेकच्या माणसांचं काहीतरी गेलं, म्हणून ते रडले. या संघानं गाव सोडलं तर त्या गावात कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि तो इथे आला, नावापुढचं गाव बदललं, चार सामने खेळून बस निघून गेली, तर ग्वाल्हेरला तरी काय मिळालं?

चारच्या सुमाराला पोरं सरावाला आली. ऊन उतरलं नव्हतं. दोन मुली जुन्या हॉकी स्टिकला चिकटपट्टी गुंडाळत सावलीत बसल्या. इथल्या कंपू भागात राज्याची महिला हॉकी अकादमी २००६ पासून आहे, तिथे जायचं स्वप्न असलेल्या या मुली. आपल्या गावची इशिका चौधरी भारताकडून खेळली, हे त्यातल्या लहानीला तोंडपाठ. आमचा खेळाडू लंगडत त्यांच्याकडे गेला आणि पेनल्टी कॉर्नरला पहिल्यांदा धावून जाणाऱ्यानं स्टिक कुठे ठेवायची ते दाखवू लागला. वीस मिनिटं म्हणता दीड तास झाला. त्याचं विमान नव्हतं, रात्रीची गाडी होती, म्हणून कोणी त्याला हाक मारली नाही.

ती पुण्याची मुलगी संध्याकाळी आमच्या घरी जेवायला आली. व्यवस्थापकांनी हॉटेल पसंत केलं. बायकोनं आमटी-भात आणि बटाट्याची भाजी केली होती, उन्हाळ्यात दुसरं काही खाववत नाही. जेवताना तिनं विचारलं, "काका, तुमचं मूळ गाव कुठलं?"

"ग्वाल्हेर."

"नाही, पण मूळ?"

हा प्रश्न आम्हाला सगळेच विचारतात. मी सांगितलं, साताऱ्याकडचं म्हणतात, मी पाहिलेलं नाही. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आले. १८१०च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तळाचंच शहर झालं, म्हणून या भागाचं नाव लष्कर. पलीकडे शिंदे की छावणी. कंपू म्हणजे कॅम्प. अर्ध्या शहराची नावं मुक्कामाची आहेत. तंबू ठोकले तेव्हा इथे कायमचं राहू असं त्यातल्या किती जणांना वाटलं असेल? पण विहिरी खणल्या, बाजार वसवला, देवळं बांधली.

तिनं हात धुतल्यावर वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय ते मी विचारलं नाही.

अहवाल लिहायला मला चार दिवस लागले. पाण्याचं सगळं रीतसर मांडलं: बोअरची क्षमता, टाकीची मापं, पुनर्वापराची व्यवस्था, अंदाजे खर्च. निष्कर्ष असा, की सध्याच्या स्थितीत टँकरवर सामने खेळवू नयेत. पुनर्वापराची टाकी आणि जिरवणीचं काम आधी पूर्ण केलं तर पाणी पुरेल. माझं काम तिथे संपत होतं. तरी मी खाली आणखी एक परिच्छेद जोडला, जो कोणी मागितला नव्हता. संघ आणायचा असेल तर खेळाडूंचं सरावाचं ठिकाण वर्षातले किमान सहा महिने इथे असावं. टाकीचं पाणी हंगाम नसताना इथल्या मुलामुलींच्या सरावाला मिळावं. निम्मे सामने तरी याच मैदानावर व्हावेत. आणि हे करणं जमत नसेल, तर संघ हलवू नये. जिथलं नाव लावलं आहे, तिथे आधी एकदा जावं.

दहा दिवसांनी व्यवस्थापकांचा फोन आला. अहवाल उत्तम आहे, फक्त तो शेवटचा भाग विषयाबाहेरचा आहे, तो काढून पुन्हा पाठवाल का? मी नाही म्हटलं. सही माझी आहे, काढायचं तर तुम्ही काढा, मग माझी सही ठेवू नका. त्यांनी नम्रपणे बरं म्हटलं.

माझे पैसे वेळेवर आले. मालकांनी काय ठरवलं ते अजून कळलेलं नाही. ऑगस्टमध्ये त्या मुलीचा निरोप आला. बैठकीपुढे अहवाल तिनंच ठेवला होता, आठही पानं, माझ्या सहीसकट. आणि खाली तिनं विचारलं होतं, "काका, ती टाकी मालक नाही म्हणाले तरी बांधता येईल का? लहान केली तर किती खर्च येईल?"

मी वही काढली. पावसाचं पाणी टर्फवरून अजून गटारातच जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मैदानावर गेलो आणि पूर्वेकडच्या नाल्याजवळ मोकळी जागा किती आहे ते मोजायला घेतलं.