मोडलेल्या मॉनिटरचं बिल

डॉक्टरांच्या संघटनेच्या वार्षिक अहवालात ‘या वर्षी काय मिळवलं’ या मथळ्याखाली एक ओळ हमखास असते: डॉक्टर-रुग्णालयांवरच्या हल्ल्यांच्या अमुक इतक्या प्रकरणांत २०१०च्या राज्य कायद्याखाली गुन्हे नोंदवून घेतले. जिल्ह्यातलं कायद्याचं काम माझ्याकडे असल्याने ही ओळ मीच लिहितो. यंदा ती लिहिताना हात अडला. तालुक्याच्या गावातल्या तीस खाटांच्या एका रुग्णालयाचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

घटना ओळखीचीच. छातीत दुखणारा पन्नाशीतला गृहस्थ उशिरा आणला गेला आणि कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या खोलीत, पाऊण तासात गेला. त्या पाऊण तासात बाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी कुणीही धड बोललं नव्हतं, हे इथेच सांगायला हवं. मग जमाव आत घुसला. आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, कपाळावर सलाइनचा स्टँड बसला, सिस्टरला ढकलून दिलं, नाडी-रक्तदाब दाखवणारा एक मल्टिपॅरा मॉनिटर आणि औषध मोजून सोडणारे दोन सिरिंज पंप फुटले.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा ठाणे अंमलदारांनी कलमं काढून ठेवली होती: भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२). मारहाण, शिवीगाळ, धमकी. तिन्ही अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशी. म्हणजे हातात एनसीची पावती आणि ‘कोर्टात दाद मागा’ हा सल्ला. यात कुणाचा दुष्टावा नसतो. रात्रपाळीच्या माणसाच्या रोजच्या वापरात हीच कलमं असतात. सरकारी डॉक्टर असता तर लोकसेवकावरच्या हल्ल्याचं कलम १३२ लागलं असतं. खासगी डॉक्टरला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी आहे तो ‘महाराष्ट्र वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था (हिंसक कृत्ये व मालमत्तेची हानी किंवा नुकसान यांना प्रतिबंध) अधिनियम, २०१०’. त्याच्या कलम ४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. एवढं लांब नाव तोंडी सांगून चालत नाही. म्हणून राजपत्राची प्रत आणि रुग्णालयाचं नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावं लागतं. प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचं असतं. ते मुदतीत नसेल तर पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि मारहाण बाजूला पडते.

त्यानंतर नवी अडचण आली, ती बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) प्रमाणे, तीन वर्षे किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. आपल्या कायद्याची कमाल शिक्षा बरोब्बर तीन वर्षं, म्हणजे तो नेमका या कलमाच्या उंबरठ्यावर. चौदा दिवसांत काचा झाडल्या जातात, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर नवं रेकॉर्डिंग चढतं आणि गावातली वजनदार माणसं मध्यस्थीला येतात. यावर एकच उपाय चालतो. चौकशीची गरजच उरू नये इतकी भरीव फिर्याद तिथल्या तिथे द्यायची.

फिर्याद कोणी द्यायची, यावर आमचा नेहमी वाद होतो. मार खाल्लेला तो फिर्यादी, असं सगळ्यांना वाटतं. पण आरएमओ बहुधा पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या, तयारीतला असतो. वर्षभरात तो दुसऱ्या राज्यात जातो, साक्षीच्या तारखांना येत नाही आणि खटला ढिला पडतो. फिर्याद संस्थेने द्यावी, आरएमओ आणि सिस्टर जखमी साक्षीदार असावेत. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात महिला डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेल्या आदेशात हाच विचार होता: हल्ला झाला की सहा तासांत संस्थाप्रमुखाने संस्थेतर्फे एफआयआर दाखल करायचा. खासगी रुग्णालयांना तो आदेश बांधील नाही, तरी सहा तासांची मर्यादा आम्ही आमच्या सभासदांना घालून दिली आहे. जखमांचा दाखला मात्र स्वतःच्या रुग्णालयाचा कधीही लावू नये. जखमीला त्याच रात्री पोलिसांच्या यादीसह (तपासणीच्या लेखी विनंतीसह) सरकारी रुग्णालयात पाठवावं.

माझ्या मते प्रकरण उभं राहतं ते पंचनाम्यावर. कायद्यात एक तरतूद आहे जिच्यासाठी डॉक्टरांच्या संघटना भांडल्या आणि जी आता जवळपास कुणीच वापरत नाही. मोडलेल्या वैद्यकीय उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट, शिवाय मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई आरोपीकडून वसूल करता येते. त्याने दिली नाही तर जमीन महसुलाची थकबाकी समजून ती वसूल होते. खरेदी किंमत, आजची किंमत नव्हे. त्यामुळे पंचनाम्यात नुसतं ‘मॉनिटर फुटलेला, अंदाजे किंमत वीस हजार’ असं उतरलं की तो अंदाजच पुढे दोषारोपपत्रात जातो. विम्याचा सर्व्हेअर घसारा वजा करून आकडा देतो, तो विम्यापुरता ठीक. तोच कागद कोर्टात एकटा गेला तर डॉक्टरचं नुकसान निम्म्यावर येतं. हवं असतं ते कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर, डेड स्टॉक रजिस्टरचं (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचं) पान, जीएसटीचं बिल आणि इन्स्टॉलेशन रिपोर्ट. चारही ठिकाणी नंबर एकच असला पाहिजे. वापरलेली यंत्रं रोखीत, बिलाशिवाय घेणाऱ्या सभासदांबद्दल मी कितीदा बोललो आहे. अशा मॉनिटरचं मोल कागदावर शून्य असतं.

या रुग्णालयात ते सगळं जुळलं, आणि त्याचं श्रेय सिस्टर इनचार्ज बाईंचं. हल्ल्यानंतर अर्ध्या तासात दुसरा रुग्ण आला. कॅज्युअल्टी मोकळी करणं भागच होतं. साधारणपणे मावशी झाडू घेतात आणि पुरावा कचऱ्याच्या बादलीत जातो. बाईंनी आधी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फोटो काढले. मग मॉनिटर पालथा करून मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबर टिपला. त्यावर सलाइन सांडलं होतं, म्हणून गॉजने पुसून फोटो परत घेतला. पंपांचंही तसंच केलं. मग सगळं एका बेडशीटवर ठेवून ड्रेसिंग रूमला कुलूप लावलं आणि रजिस्टरला वेळ लिहिली. मॉनिटर ७८ हजारांचा, पंप प्रत्येकी २७ हजारांचे, बिलं फाइलमध्ये. एकूण एक लाख ३२ हजार.

हा आकडा आणखी एका कारणाने कामाचा ठरला. नुकसान एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर न्याय संहितेचं कलम ३२४(५) लागतं आणि त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. फक्त २०१०चा कायदा लावला तर तीन वर्षांच्या शिक्षेमुळे कोर्टाने दखल घेण्याची मुदतही तीन वर्षांचीच राहते. दोषारोपपत्र रेंगाळलं की प्रकरण मुदतीबाहेर जायची भीती. पाच वर्षांचं कलम सोबत असलं की ती मुदत आड येत नाही. अंमलदारांना हे बिलांसह दाखवल्यावर त्यांनी दोन्ही लावलं. ते सगळं नीट वाचून घेत होते, हेही नोंदवतो.

डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. तंत्रज्ञ ते लगेच बरोबर करायला निघाला होता. तसं करू नये. मोबाइलची वेळ आणि डीव्हीआरची वेळ शेजारी ठेवून फरक पंचनाम्यात लिहून घ्यावा. फुटेजसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. त्यातला एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे पडताळायच्या सांकेतिक आकड्यासह). पंच मिळवणं मात्र सर्वांत जड गेलं. कर्मचारी नकोत, आवारातला मेडिकलवाला नको, आणि रस्त्यापलीकडून बघायला जमलेल्यांपैकी कुणी सही करायला तयार होईना. आमच्या संघटनेच्या ग्रुपवर रात्रभर निषेध चालू होता. ठाण्यात यायला त्यांतले फारच थोडे निघाले.

पहाटे गुन्हा दाखल झाला. अहवालाच्या दृष्टीने काम संपलं.

पुढचं अहवालात येत नाही. अजामीनपात्र म्हटलं की अटक होणार, असं सभासद धरून चालतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या अर्नेश कुमार निकालानंतर, पोलिस साधारणपणे नोटीस देऊन बोलावतात. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)खाली होतं. इथेही तेच झालं. नातेवाइकांनी निष्काळजीपणाची तक्रार दिली. तो त्यांचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्याच २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे ती तज्ज्ञांच्या मतासाठी गेली. केस पेपरच्या प्रती आम्ही रुग्णालयाला नातेवाइकांना ७२ तासांच्या आत द्यायला लावल्या. २०१०च्या कायद्यात रुग्णांच्या तक्रारी ऐकायला प्राधिकरणाची तरतूदही आहे. आमच्या संघटना त्याबद्दल गप्प असतात, हे मला पटत नाही. तक्रारीला जागा असती तर त्या रात्री जमावातले काही जण तरी तिकडे गेले असते.

आता रुग्णालयाच्या डॉक्टरांचा फोन येतो तो तडजोडीबद्दल. गावात राहायचं आहे, समोरची मंडळी मॉनिटर भरून द्यायला तयार आहेत. विशेष कायद्यातला गुन्हा ठाण्यात बसून मिटत नाही. रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी थांबावं, असं मला मनापासून वाटतं. दुप्पट भरपाईपर्यंत जाण्याइतकी कागदपत्रं असलेलं प्रकरण आमच्या जिल्ह्यात सहसा उभं राहत नाही. पण दवाखाना त्यांचा आहे. डोक्यावर पाच टाके पडलेल्या आरएमओला यात कुणी विचारलेलं नाही, ते मी विचारायला लावलं आहे.

अहवालाच्या तक्त्यात यंदा मी तीन रकाने वाढवले: पंचनाम्याला बिलं जोडली का, दोषारोपपत्र गेलं का, भरपाई मागितली का. कार्यकारिणीत काहींना ते नकोत, कारण बऱ्याच ओळींपुढे ‘नाही’ येतं आणि वर्षाचं काम फिकं दिसतं. मसुदा पुढच्या बैठकीत मतदानाला आहे. सिस्टरबाईंचे फोटो मी त्याला परिशिष्ट म्हणून जोडले आहेत.