दाराबाहेरचा अर्धा तास

सोमवार, पहाटे साडेचार

काल सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत मी १०८ च्या रुग्णवाहिकेत निरीक्षक म्हणून बसले होते. घरी येऊन दोन घास खाल्ले, अंथरुणावर पडले, पण डोळा लागेना. पाहिलेले पुसट होण्याआधी लिहून ठेवावे म्हणून उठले. अपघात विभागात परिचारिका म्हणून मला अकरा वर्षे झाली. या गाड्यांमधून उतरवलेले रुग्ण मी इतक्या वेळा ताब्यात घेतले आहेत की, सायरनच्या आवाजावरून गाडी फाटकापासून किती अंतरावर आहे हे मला कळते. मात्र ती गाडी रस्त्यावर धावत असताना आतून कशी असते, हे मी काल पहिल्यांदा पाहिले.

लेखी परवानगी मिळायला दोन महिने लागले आणि तिच्याबरोबर अटी आल्या: रुग्णाला हात लावायचा नाही, छायाचित्र काढायचे नाही, नाव कुठेही लिहायचे नाही आणि नातेवाइकांनी नको म्हटले तर निमूटपणे पुढे पायलटशेजारी जाऊन बसायचे. या गाडीच्या चालकाला सगळे पायलटच म्हणतात. अटी मला योग्य वाटल्या. या वहीतही मी त्या पाळणार आहे.

गाडी जुन्नर तालुक्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभी असते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांची योजना होती. त्यांतील २३३ व्हेंटिलेटरसह सर्व प्रगत साधने असलेल्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या. कालची गाडी या दुसऱ्या प्रकारातली. आपल्याकडच्या सेवेचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो, आणि त्याचे मोल मला काल दुपारी समजले. सकाळी पाळी बदलताना डॉक्टरांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब पाहिला, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत तपासली आणि घशात अडकलेले ओढून काढणारे सक्शन यंत्र नुसते चालू करून न थांबता पेलाभर पाणी ओढून पाहिले. ‘आवाज येतो म्हणजे ओढतंच असं नाही, सिस्टर,’ ते म्हणाले. आमच्या विभागातील यंत्राचा मी रोज फक्त आवाज ऐकते. उद्यापासून तिथेही पेलाभर पाणी ठेवणार आहे.

पहिला कॉल माळशेजच्या बाजूचा होता. अर्ध्या वाटेवर असताना निरोप आला की, रुग्णाला घरच्यांनी जीपमधून नेले. गाडी वळवली.

दुसरा कॉल दीड वाजता आला. औंधच्या नियंत्रण कक्षातून एवढेच कळले की, सत्तरीचे आजोबा, बोलत नाहीत, एक हात लुळा पडला आहे. पत्ता म्हणजे शाळेच्या पुढे दोन चिंचा आणि तिथून डाव्या हाताला मळा. पायलट म्हणाले, ‘इकडं पत्ता नसतो, खूण असते.’ चिंचांपाशी एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा लाल टॉवेल हलवत उभा होता; गाडी दिसताच तो पुढे पळू लागला आणि उसाच्या दोन फडांमधल्या चाकोरीतून आम्ही त्याच्या मागे गेलो. फांद्या काचेला घासत होत्या. शहरात बसून ‘गाडी उशिरा आली’ असे केसपेपरवर लिहिणाऱ्यांनी ही शेवटची पाचशे पावले एकदा तरी पाहावीत, असे मला मनापासून वाटले.

ओट्यावर आजोबा घामाने चिंब पडले होते. ‘अंगावरून वारं गेलं’ असे घरचे म्हणत होते आणि शेजारची एक बाई तांब्यातून साखरपाणी त्यांच्या तोंडात घालू पाहत होती. डॉक्टरांनी तिचा हात हळूच थांबवला. त्यांनी तिला रागावून बाजूला सारले नाही. ‘मावशी, साखर देणं बरोबरच आहे, पण माणूस शुद्धीवर असला तरच, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं,’ असे सांगत सांगतच त्यांनी बोटाला सुई टोचली. साखर ३८. घरात एकादशीचा उपवास होता; आजोबांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि नंतर नुसता बिनसाखरेचा चहा. रक्तातील साखर एवढी खाली गेली की मेंदूला इंधन मिळत नाही, आणि मग पक्षाघातासारखीच लक्षणे दिसू शकतात.

शीर सापडत नव्हती. घामाने चिकटपट्टी सुटत होती, त्वचा सैल होती आणि दोन प्रयत्न वाया गेले. रोज वीस-पंचवीस शिरा शोधणारी मी दीड हातावर उभी होते, कोपराच्या आतली एक शीर मला तिथून दिसत होती आणि माझे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. संपूर्ण दिवसातील सर्वांत अवघड काम हे होते. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तीच शीर घेतली. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचे साखरेचे पाणी, हळूहळू आत गेले आणि १०० मिलीलिटरची बाटली संपत आली तेव्हा आजोबांनी डोळे उघडून विचारले, ‘गाडी कुणाची आलीय?’ त्यांच्या सूनबाई तिथेच खांबाला टेकून रडायला लागल्या. लुळा हात हलू लागला होता. दुसऱ्या तपासणीत साखर १४२ आली.

पुढची पस्तीस मिनिटे गाडीत डॉक्टर त्यांच्याशी बोलत राहिले, कारण बोलण्यातला फरक हीच त्यांची तपासणी होती. गोळीची चिठ्ठी त्यांनी घरातून मागून घेतली होती. ती ग्लिमेपिराइड निघाली. या गोळीचा परिणाम दिवसभर टिकू शकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी लांबतो, आणि वर चढलेली साखर काही तासांत पुन्हा घसरू शकते. म्हणून जागा झालेला माणूस बरा झाला असे धरून त्याला घरी सोडता येत नाही.

रुग्णालयाच्या दारात जे घडले त्यासाठी मी ही नोंद लिहीत आहे. आजोबा स्ट्रेचरवर बसून पाणी मागत होते. पाळीवरच्या सिस्टरने त्यांच्याकडे पाहिले, साखर तपासली, १३६ आली, आणि ती म्हणाली, ‘हे तर चांगले आहेत, कशाला आणलं?’ डॉक्टर सांगू लागले. ३८ हा आकडा त्यांच्या तोंडून निघेपर्यंत ती पुढच्या खाटेकडे वळली होती. तिच्याकडे चौदा रुग्ण होते. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण ती सिस्टर मीच आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका आजींना मी जाग्या, हसऱ्या स्थितीत घेतले होते, गाडीतील डॉक्टरांचे बोलणे अर्धवट ऐकले होते आणि त्यांचा कागद केसपेपरच्या मागे लावून टाकला होता. पहाटे तीन वाजता त्या पुन्हा बेशुद्ध सापडल्या. वेळेत लक्षात आले म्हणून त्या वाचल्या. तेव्हा मी स्वतःला सांगितले होते की, साखर अचानक घसरली. ती अचानक घसरली नव्हती. मला आधी सांगितले गेले होते.

काल डॉक्टरांनी हार मानली नाही. ते त्या सिस्टरच्या मागे गेले, कागदावरील आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि दर तासाला साखर पाहण्याबद्दल तिच्याकडून होकार मिळाल्यावरच परतले. गाडीत बसल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, ‘आम्ही दार ओलांडलं की आमचा अर्धा तास पुसला जातो.’

संध्याकाळी नारायणगावच्या पुढे ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीवर एक दुचाकी मागून आदळली होती. ट्रॉलीला परावर्तक नव्हता. तिथे एक पानटपरीवाला जमिनीवर गुडघे टेकून त्या मुलाचे डोके दोन्ही तळहातांत धरून बसला होता. ‘मान हलू देऊ नका असं फोनवर सांगितलं,’ म्हणाला, आणि मानेला आधाराची कॉलर बसेपर्यंत त्याने हात काढले नाहीत. नंतर त्याची बोटे सरळ होत नव्हती. त्याचे नाव कुठल्याही कागदावर नाही, म्हणून हे इथे लिहिले.

परत आल्यावर पायलटनी गाडी धुतली, किलोमीटरचा आकडा वहीत उतरवला आणि स्ट्रेचरच्या चाकांत अडकलेली उसाची पाचट काढली.

मंगळवार, रात्री

आज माझी दुपारची पाळी होती. पाच वाजता १०८ आली. दम लागलेली एक बाई ऑक्सिजनवर होती. मी खाट लावून घेतली, हातातले काम खाली ठेवले आणि गाडीतील डॉक्टरांना म्हटले, ‘सांगा.’ ते क्षणभर थांबले, बहुधा त्यांना सवय नसावी. मग त्यांनी सांगितले: घरी ऑक्सिजन ७९ होता, नेब्युलायझेशन, म्हणजे औषधाची वाफ, दोनदा दिले, वाटेत एकदा उलटी झाली. एक मिनिटही लागले नाही. मी ७९ हा आकडा आमच्या नोंदीच्या वर, पहिल्या ओळीत लिहिला आणि त्यांचा कागद केसपेपरच्या पुढे लावला.