साडेतीन गुण

रात्री उशिरा झेडटीसीसीचा, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या विभागीय केंद्राचा, फोन आला, की आम्हा किडनी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचं काम ठरलेलं असतं. यादीतल्या पेशंटला उठवायचं आणि चार प्रश्न विचारायचे. ताप-खोकला आहे का, शेवटचं डायलिसिस कधी झालं, शेवटचं काय खाल्लं, आणि मध्यंतरी रक्त चढवलंय का. हा चौथा प्रश्न बाहेरच्या माणसाला फालतू वाटेल. सुनंदाताईंचं (नाव बदललंय) घोडं नेमकं तिथंच अडतं.

"मंगळवारी एक पिशवी चढवली, मॅडम. हिमोग्लोबिन सहावर आलं हुतं."

मी कपाळावर हात मारला. त्यांना निघायला मात्र सांगितलं. पहाटे दोघं नवराबायको दौंडहून हजर.

ताईंना पहिली किडनी आईने दिली होती. ती आठ वर्षं चालली. आता दुसरी हवी, आणि परक्या पेशींवर तुटून पडणाऱ्या अँटिबॉडीज रक्तात तीन वाटांनी साचलेल्या: ती पहिली किडनी, दोन बाळंतपणं आणि डायलिसिसवर वेळोवेळी चढवलेलं रक्त. या अँटिबॉडीजचं मोजमाप, पीआरए, ९५ टक्के. म्हणजे शंभर दात्यांपैकी पंचाण्णवांची किडनी त्यांचं शरीर बघताक्षणी झिडकारणार.

मिस्टर मागे हटणारे नाहीत. रक्तगट जुळतो, 'माझी घ्या' म्हणून तेच आमच्या मागे लागले होते. तेव्हा सिंगल अँटिजेनचा रिपोर्ट मागवला. अँटिजेन म्हणजे पेशींवरची ओळखखूण; कुठल्या खुणेविरुद्ध अँटिबॉडीज आहेत, ते त्यात कळतं. दोन्ही बाळंतपणांत नवऱ्याकडून मुलांत आलेले अँटिजेन ताईंच्या रक्ताने ओळखून ठेवलेत, आणि त्यांच्याच विरुद्धच्या अँटिबॉडीज सगळ्यात जोरात. पोरं पोटात वाढवली म्हणून नवऱ्याची किडनी चालत नाही, हे त्या माणसाला कसं सांगायचं? मी सांगितलं. तो म्हणाला, "मग औषध द्या ना त्याच्यावर." अँटिबॉडीज कमी करायचं औषध आहे. प्लाझ्मा बदलायचा, आयव्हीआयजी, रिटुक्सिमॅब. खर्च लाखांत, खात्री नाही. महात्मा फुले योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, ते चांगलंच झालं, पण एवढी आधीची तयारी त्यात कशी बसवायची?

त्याच दिवशी सकाळी जिवंत दात्याला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर दुसरी केस होती. कोथरूडचे गृहस्थ, यांचीही दुसरीच वेळ. पहिली किडनी आईची, आता बायकोची. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायची चाचणी, निगेटिव्ह. म्हणजे किडनी चालणार. पहिली किडनी बंद पडल्यावरही टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने किडनी झिडकारू नये म्हणून घ्यायचं औषध, एकदम बंद करायचं नाही, हे त्यांना वेळेवर कुणीतरी सांगितलं होतं आणि गोळ्या परवडतही होत्या. हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन कधी चुकलं नाही, त्यामुळे रक्ताची पिशवी लागलीच नाही. बाळंतपणाचा तर प्रश्नच नाही. दाता बाई असेल तर तिची संमती पेशंट सोडून दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्यावी, असं नियमच सांगतो. म्हणून तिला आत एकटीला बोलावलं, कॅमेरा चालू केला. तिने एकच विचारलं, "धाकट्याला कडेवर कधीपासून घेता येईल?" त्या खुर्चीत बहुतेक वेळा आई नाहीतर बायकोच बसते, हे मी इतकी वर्षं बघतेय. गृहस्थांचं काही चुकलेलं नाही, हेही खरं.

दुपारी लॅबचा फोन आला. ताईंचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

यादीतला नंबर ठरवायच्या राष्ट्रीय निकषांत डायलिसिसच्या दर महिन्याला एक गुण मिळतो. पीआरए वीस टक्क्यांच्या वर गेला, की दर दहा टक्क्यांना अर्धा. ताईंचे होतात साडेतीन. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दात्याला नकार देणाऱ्या शरीराची भरपाई काय, तर साडेतीन महिन्यांचं डायलिसिस! ज्यांनी हे गुण ठरवले त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण गुणांनी माणूस फोनपर्यंत पोचतो, पुढे लॅबमध्ये गुण विचारतं कोण? २०२५ मध्ये नोट्टोने, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेने, यादीतल्या महिलांना प्राधान्य द्या असं राज्यांना कळवलं. उत्तम. ताईंचा नंबर वर येईल आणि क्रॉसमॅच पुन्हा पॉझिटिव्ह येईल.

मला खरा राग आहे तो पिशवीचा. डायलिसिस योजनेतून फुकट. इंजेक्शन मात्र 'संपलंय, बाहेरून आणा'. रक्त लगेच मिळतं, म्हणून रक्त. पुढे ट्रान्सप्लांट व्हायचंय हे फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं होतं मी. सेंटरवाल्यांना फोन केला तर तिथला पोरगा म्हणतो, "मॅडम, सहा हिमोग्लोबिनवर आम्ही काय करायचं?" त्याचंही बरोबरच. सहापर्यंत येऊ कुणी दिलं, हे विचारायला तिथं डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो.

आमच्या नेफ्रॉलॉजिस्टचं म्हणणं, स्वॅपमध्ये, म्हणजे दोन जोड्यांनी आपापसांत दाते बदलायच्या यादीत, नाव टाका. टाकलं. पण ९५ टक्क्यांना जुळणारी जोडी एकट्या पुण्यात मिळायची नाही, मुंबई-नागपूर एकत्र करायला हवं, आणि त्यासाठी तीन ठिकाणची कागदपत्रं कोण फिरवणार, यावर आमची बैठक चहा संपेपर्यंतच टिकली.

जाताना ताईंनी विचारलं, "माझा नंबर आता मागं जातो का?"

"नाही ओ, तिथंच राहतो."

"मग पुढच्या टायमाला परत बोलवा," म्हणाल्या, आणि संध्याकाळच्या शिफ्टचं डायलिसिस चुकू नये म्हणून दौंडची गाडी किती वाजता आहे ते मिस्टरांना मोबाइलवर बघायला लावलं. पुढच्या वेळी रक्त चढवायच्या आधी मला फोन करा, असं मी मिस्टरांना बजावलंय. सेंटरने तोवर थांबावं, एवढं मात्र माझ्या हातात नाही.